नादारीनंतरची रोजकीर्द

कारखाना बुडत चालल्याची वर्दी आमच्या भाईंदर पूर्वेला सर्वांत आधी भंगारवाल्याला लागते. पत्र्यातून भांड्यासाठी गोल सर्कल कापले की कोपऱ्यांची कातरण उरते, आणि ती आठवड्याच्या आठवड्याला वजनावर विकली जाते. माल कमी निघू लागला तरी मालक बँकेला फुगवलेला साठा दाखवू शकतो, व्यापाऱ्याला हसतमुखाने चहा पाजू शकतो, घरी तर तो काहीच सांगत नाही. परंतु कातरणीचे वजन काही त्याला खोटे पाडता येत नाही. भंगारवाल्याच्या पाठोपाठ ही वर्दी ज्याला लागते तो हिशेबनीस, आणि त्या दुसऱ्या क्रमांकाच्या जागेवर माझे उभे आयुष्य गेले आहे.

१९८५ साली मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली, त्या सुमारास मी या कामाला लागलो. तेव्हा रेल्वेच्या पूर्वेला एका अंगास मिठागरे आणि दुसऱ्या अंगास पत्र्याच्या छपरांचे गाळे असा देखावा होता. गोडदेव, नवघर, खारीगाव ही नावे अद्याप गावांचीच होती, रिक्षाच्या थांब्यांची झालेली नव्हती. मुंबईत जागा परवडेनाशी झालेले भांडीवाले आणि लेथवाले एकामागून एक इकडे सरकले, आणि पाहता पाहता भाईंदर हे स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे एक मोठे ठाणे बनले. कोणी पत्रा लाटतो, कोणी सर्कल कापतो, कोणी पॉवर प्रेसवर टोप आणि डबे ओढतो, कोणी केवळ पॉलिश करून देतो. एका टोपाला चार गाळ्यांचे हात लागतात, आणि म्हणूनच एका गाळ्याला कुलूप पडले की त्याची झळ भिंतीपलीकडल्या गाळ्याला पोहोचल्यावाचून राहत नाही. मी कोणा एका पेढीचा नोकर नव्हतो. सकाळी एका गाळ्यात रोजकीर्द लिहावी, दुपारी दुसऱ्याची खतावणी जुळवावी, संध्याकाळी तिसऱ्याचे विवरणपत्र भरावे, अशी माझी भ्रमंती असे. विक्रीकर गेला, २००५ साली मूल्यवर्धित कर आला, २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, नगरपालिकेची महानगरपालिका झाली, जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला आणि तोही बहुतेकांच्या डोक्यावरून उतरला. या सगळ्या स्थित्यंतरांत माझे काम तेवढे टिकून राहिले, कारण धंदा चालो की बुडो, हिशेब लागतोच.

या कामामुळे पडलेली माणसे मला पुष्कळ पाहायला मिळाली, आणि पुन्हा उभी राहिलेली त्यांच्या मानाने थोडी. अलीकडे सभागृहे भाड्याने घेऊन, पाठीमागे मोठा पडदा लावून, अपयश ही यशाची पहिली पायरी आहे असे तरुणांना सांगणाऱ्या वक्त्यांचा सुळसुळाट झाला आहे. त्यांच्या व्याख्यानांना मी एकदोनदा जाऊन आलो. जिद्द, सकारात्मकता आणि स्वप्न यांविषयी तेथे पुष्कळ ऐकायला मिळाले. मात्र बाजारात अडतीस लाखांचे देणे असताना, बँकेची साठ दिवसांची नोटीस दारावर चिकटलेली असताना आणि कारीगर पगारासाठी पायरीवर बसलेले असताना सोमवारी सकाळी उठून नेमके काय करायचे, याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. माझ्या अनुभवाचा सारा विषय त्या सोमवारच्या सकाळपुरताच आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की मी पाहिलेले बहुतेक धंदे उधळेपणाने बुडाले नाहीत. बुडाले ते उधारीने. येथला माल दिल्लीला, पाटण्याला, कानपूरला घाऊक व्यापाऱ्याकडे जातो, आणि तीन महिन्यांच्या वायद्याचे पैसे सहा महिन्यांनी आले तरी नशीब म्हणायची रीत आहे. इकडे पत्र्याचे पैसे महिन्यात द्यावे लागतात, मजुरी पंधरवड्याला, विजेचे बिल महिन्याला, आणि कर तर बिल फाडले की लागू होतो. गिऱ्हाइकाकडून दमडी आलेली नसली तरी सरकारचा वाटा पुढच्या महिन्यात भरावाच लागतो. त्यात स्टीलचा भाव निकेलवर हलतो, आणि निकेलचा भाव लंडनच्या बाजारात ठरतो. २००७ सालच्या मे महिन्यात निकेल टनाला पन्नास हजार डॉलरच्या वर गेले होते. ते आणखी चढणार म्हणून एका सद्गृहस्थाने फ्लॅट तारण ठेवून पत्रा भरून ठेवला, आणि पुढच्या वर्षाअखेर निकेल दहा हजारांच्याही खाली आले. मनुष्य निर्व्यसनी, पहाटे उठून शटर उघडणारा, गणपतीची वर्गणीही हिशेबाने देणारा. त्याचा गाळा बुडाला तो साता समुद्रांपलीकडच्या एका आकड्याने.

पुढे नोटाबंदी आली, जीएसटी आला, आणि ते पचते न पचते तोच २०२० सालच्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. कारीगर उत्तर प्रदेशात आपापल्या गावी चालत, ट्रकने, मिळेल त्या वाहनाने निघून गेले. खाडीच्या दमट हवेत आणि मागाहून आलेल्या पावसाळ्यात प्रेसच्या तुळतुळीत भागांवर तांबूस थर चढला. त्या वर्षी जे बंद पडले त्यांना निदान शेजाऱ्यापाजाऱ्यांत मान खाली घालावी लागली नाही, कारण सगळेच एका रांगेत होते. एरवी एकट्याने बुडणाऱ्याची अवस्था फार वाईट. माणसे त्याला टाळतात असे नाही. माणसे त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागतात, आणि ते त्याला अधिक लागते.

अशा वेळी माणसे दोन प्रकारांनी वागतात. एक प्रकार रात्रीतून निघून जाण्याचा. अशा एकाला मी चांगला ओळखत होतो. शनिवारी त्याने पगार केला, रविवारी गाळा बंदच असतो, आणि सोमवारी कारीगर आले तेव्हा आत नुसत्या भिंती होत्या. दोन्ही पॉलिशच्या मोटारीसुद्धा त्याने उचलून नेल्या होत्या. चारपाच वर्षांनी तो परत आला तो बऱ्यापैकी पैसा घेऊन. कापडाच्या दलालीत परराज्यात त्याचे बरे चालले होते म्हणे. त्याने नवा गाळा घेतला, रंग दिला, सत्यनारायण घातला, पेढे वाटले. पेढे सगळ्यांनी खाल्ले, पण पंधरा दिवसांच्या उधारीवर एक किलो पत्रा कोणी दिला नाही. रोख पैसे मोजून धंदा करणे म्हणजे आमच्या व्यवसायात एका पायावर चालणे आहे. दोन वर्षांत तो पुन्हा निघून गेला; या खेपेस कोणाचे देणे नव्हते, म्हणून कोणी चौकशीही केली नाही.

दुसरा प्रकार दुर्मीळ, आणि तो मी प्रथम पाहिला तेव्हा मला ते धाडस निव्वळ वेडेपणाचे वाटले होते. केबिन रोडच्या बाजूला डबे आणि टोप करणारा एक मालक होता. बिहारकडच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने हात वर केल्यावर त्याचे कंबरडे मोडले. त्याने एक दिवस मला बोलावून सर्व धनकोंची यादी करायला सांगितली. कोणाचे किती, कधीपासून, तारण काय, चेक कोणाकडे अडकले आहेत, असे सारे तपशीलवार मांडायचे होते. त्या यादीत माझ्या थकलेल्या फीचीही एक ओळ होती आणि ती मी माझ्याच हस्ताक्षरात लिहिली. मग त्याने त्या सर्वांना एका रविवारी गाळ्यात येण्याचे निमंत्रण दिले. मंडपवाल्याकडून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या प्रेसच्या दोन्ही बाजूंना मांडल्या होत्या, आणि टेबल नव्हते म्हणून खतावणी त्याने प्रेसच्या बेडवरच उघडून ठेवली. जो येईल त्याने पाने उलटावीत आणि काय विचारायचे ते विचारावे.

पहिला अर्धा तास नुसता आरडाओरडा झाला. एकाने शिवी दिली, दुसऱ्याने चेक बँकेत टाकून तुरुंग दाखवीन असा दम भरला. आणि तो दम पोकळ नव्हता, कारण न वटलेल्या चेकबद्दल नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी खटला होतो आणि कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मालक भिंतीला टेकून उभा होता. त्याचे सगळ्यांत मोठे देणे होते ते एका वयोवृद्ध पत्रावाल्या शेठचे. ते इतका वेळ काही बोलले नव्हते, चष्मा पुसून त्यांनी खतावणीचे एक पान दोनदा वाचले आणि विचारले, “कारीगरांचा पगार किती राहिलाय?”

“दोन महिन्यांचा, शेठ.”

“तो आधी देऊन टाक. मग माझं बोलू.”

गोंगाट तिथे थांबला. शेठची रक्कम सर्वांत मोठी असताना ते थांबायला तयार आहेत म्हटल्यावर धाकट्या धनकोंना आवाज चढवणे अवघड झाले. त्या दिवशी कागदावर जे ठरले ते असे: कारीगरांचा पगार प्रथम, मग ज्यांचे येणे पन्नास हजारांच्या आत आहे त्यांना पूर्ण, मोठ्यांना सहा महिने काही नाही आणि नंतर मासिक हप्ता, बँकेशी मालकाने स्वतंत्र तडजोड करावी, आणि हे सुरळीत चालेल तोवर कोणी चेक बँकेत टाकू नये. स्टॅम्पपेपर कोणी मागितला नाही. कायद्याच्या दृष्टीने त्या कागदाला किती किंमत होती हे मला ठाऊक होते, पण त्याच्यावर सह्या करणाऱ्यांपैकी एकानेही तो मोडला नाही.

छोट्यांना आधी देण्याचे हे शहाणपण मी त्यानंतर अनेकांना सांगत आलो. बुडणाऱ्या माणसाची स्वाभाविक ओढ उलट असते: ज्याची भीती मोठी त्याचे तोंड प्रथम बंद करावे, बँकेचा एक हप्ता कसाबसा भरावा, गल्लीतल्या सावकाराचे व्याज चुकते करावे, आणि चहावाला, टेम्पोवाला, पॉलिशवाला यांना “पुढच्या आठवड्यात” म्हणून वाटेला लावावे. पण बाजारातली पत ही बँकेच्या दालनात ठरत नसते. ती ठरते गाळ्यांच्या मधल्या बोळात, जिथे टेम्पोवाला बिडी ओढत उभा असतो. बँक तुमचे पैसे बुडीत खाती लिहून मोकळी होते. टेम्पोवाला काहीच लिहीत नाही, आणि म्हणून तो विसरतही नाही.

आता त्या मालकाचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण पुन्हा उभे राहणे म्हणजे प्रत्यक्षात काय असते हे मला तिथे दिसले. बँकेशी तडजोड ठरली तेव्हा यंत्रांचे मूल्यांकन झाले. प्रेस, मोटारी, पॅनेल यांना किंमत आली. डायांना मात्र मूल्यांकनकर्त्याने भंगाराचा भाव लावला. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते. अमुक मापाचा डबा आणि अमुक मापाचे झाकण काढणारा डाय तो धंदा न करणाऱ्याला लोखंडाच्या गोळ्याहून अधिक कशाला वाटावा? पण आमच्या धंद्यात यंत्र कोणाचेही चालते, डाय आपला लागतो. वर्षानुवर्षे घासूनपुसून, कड मऊ करून, माप साधून तो तयार झालेला असतो. गिऱ्हाईक ओळखते ते डब्याची घडण, आणि ती घडण त्या डायात असते. पत्रावाल्या शेठनी ते सारे डाय भंगाराच्या भावाने वजन करून विकत घेतले आणि जागेच्या मालकाला विचारून तिथेच मचाणावर ठेवून दिले. “काम सुरू झालं की याच भावाने परत घे,” एवढेच ते म्हणाले.

वर्षभराने एका ओळखीच्या गाळ्यातला प्रेस त्याला रात्रीच्या पाळीपुरता तासाच्या भाड्याने मिळाला. त्या रात्री मी कुतूहलाने गेलो होतो. गोणपाटात गुंडाळलेला डाय त्याने खाली उतरवला, रॉकेलने त्यावरचे सुकलेले ग्रीस काढले, बोटाने कड चाचपली आणि तो बसवला. दुसऱ्याचा पत्रा, दुसऱ्याचा प्रेस, किलोमागे ठरलेली मजुरी, अशा अवस्थेत त्याने पहिला टोप ओढला. त्याच्या कडेला सुरकुत्या आल्या. दुसऱ्यालाही आल्या. मग पत्र्यावरचा दाब वाढवून, तेलाचा हात फिरवून त्याने तिसरा काढला, उजेडात धरून गोल फिरवला आणि बाजूला ठेवला. आनंद वगैरे त्याच्या चेहऱ्यावर मला दिसला नाही. तो लगेच चौथ्याच्या मागे लागला, कारण तासाचे भाडे चालू होते.

मी ज्यांना ज्यांना पुन्हा उभे राहताना पाहिले त्यांतले बहुतेक असेच उभे राहिले: मालक म्हणून बुडाले आणि मजुरीकाम करणारे म्हणून परतले. मजुरीत नफा बेताचा, पण भांडवल लागत नाही आणि उधारी आपली नसते. निकेल चढो वा उतरो, पत्रा दुसऱ्याचा. याउलट ज्यांनी सूड घेतल्यासारखा एकदम नवाच धंदा काढला, स्टील नको म्हणून मोबाइलचे दुकान टाकले, पालघरकडच्या प्लॉटांची दलाली धरली किंवा उरलेसुरले शेअरबाजारात घातले, त्यांची दुसरी पडझड पहिलीहून वाईट झाली. धंदा बदलूच नये असे मी म्हणत नाही. दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण लोक या संदर्भात देतात: गोध्र्याला छायाचित्रणाचा स्टुडिओ, तिथे प्लेगात पत्नी आणि मूल गमावले, पुढे छपाईचा व्यवसाय, तिथे भागीदारांशी बिनसले, आणि मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून सिनेमा, ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला. ऐकणाऱ्याला ही उडी वाटते. पण कॅमेरा, रसायने, ठसे, जादूचे प्रयोग यांतले जे जे मागल्या व्यवसायांत त्यांच्या हाताला वळण लागले होते ते सगळे सिनेमात उपयोगी पडले. त्यांनी दुकान बदलले, हात तोच ठेवला. लक्ष्मणराव किर्लोस्करांचेही तेच. त्यांचा लोखंडी नांगर शेतकरी आधी घेईनात, लोखंडाने जमीन नासते असा समज होता. पुढे बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली, आणि १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर ते बसले, तेव्हा त्यांनी बरोबर नेली ती आपली माणसे आणि तोच नांगर. अर्थात त्यांना राजा भेटला. आमच्या गाळेवाल्यांना भेटतो तो वसुली अधिकारी.

कायद्याविषयी स्पष्टच सांगायला हवे, कारण याविषयी आमच्या लोकांत फार अज्ञान आहे. कंपनी आजारी पडली तर तिच्यासाठी दरवाजे पूर्वीही होते आणि आजही आहेत. १९८५ च्या आजारी उद्योगांच्या कायद्याखाली मंडळ नेमले गेले. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज कामगारांनी चालवायला घेतली, तीही पुन्हा थकली, आणि शेवटी कल्पना सरोज यांनी ती सावरली तेव्हा बँकांनी दंडव्याजावर पाणी सोडले होते. २०१६ साली नवी नादारी व दिवाळखोरी संहिता आली. पण एकट्या मालकाच्या पेढीला, म्हणजे भाईंदरच्या शंभरातल्या बहुतेक गाळ्यांना, त्या संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग अद्याप लागू झालेला नाही. त्यांच्यासाठी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात आहे तो १९२० सालचा प्रांतिक नादारी कायदा, ज्यात पाचशे रुपये देणे असले तरी ऋणको नादारीचा अर्ज करू शकतो. पाचशे रुपये ही १९२० साली रक्कम होती. माझ्या गिऱ्हाइकांपैकी एकानेही त्या दाराने जाण्याची तयारी दाखवली नाही. कोर्टाने नेमलेला रिसीव्हर घरी येणार, नाव जाहीर होणार, या कल्पनेनेच त्यांचा थरकाप होई. त्याऐवजी ते वर्षानुवर्षे तगादे सोसत. लघुउद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत, नाही तर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो आणि त्यासाठी परिषदही आहे. परंतु तिथे दरखास्त करणाऱ्याला ते गिऱ्हाईक पुन्हा माल विचारत नाही. माझ्या ओळखीच्या एकाने दरखास्त केली, निकाल त्याच्या बाजूने लागला, पैसेही आले. आणि त्या घाऊक बाजारात त्याच्या मालाला पुढे दोन वर्षे कोणी हात लावला नाही.

त्याहून क्षुल्लक दिसणारी आणि पुढे पाय अडकवणारी गोष्ट म्हणजे बंद केलेला धंदा कागदोपत्री चालूच राहणे. गाळ्याला कुलूप घातले की माणसाला वाटते संपले. विवरणपत्रे न भरल्याचे विलंबशुल्क वाढत जाते, व्यवसाय कराची नोंदणी तशीच राहते, भविष्यनिर्वाह निधीची नोटीस जुन्या पत्त्यावर येऊन पडते, थ्री फेज मीटरची थकबाकी नव्या भाडेकरूच्या माथी जाते आणि तो शिव्यांची लाखोली वाहतो. जीएसटीची नोंदणी रद्द करून तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरावे लागते, हे किती जणांच्या गावीही नसते. मग तीन वर्षांनी त्याच पॅनवर नवी नोंदणी काढायला जावे तर मागची भुते समोर उभी. आमच्या मिठागरांत पावसाळा सरल्यावर आगरी आधी वाहून गेलेला बांध भरतो आणि मगच खाडीचे पाणी आत घेतो. मुरलेला आगरी घाई करीत नाही, कारण फुटक्या बांधात घेतलेले पाणी मीठ देत नाही, नुसते निघून जाते. मी पुष्कळांना हेच जुने कागद मिटवण्याचे काम करून दिले. त्याची फी त्यांना देता येत नसे, आणि ती मागण्याची ती वेळही नसे.

एक प्रकार मात्र सांगताना जीभ अडखळते. पत बिघडली की पुष्कळ जण नवी पेढी पत्नीच्या नावाने काढतात. अर्जावर धंद्याची मालकीण म्हणून सही करणाऱ्या बाईला किती वेळा मी विचारले असेल, “वहिनी, हे काय आहे ते वाचलंत का?” आणि उत्तर आले असेल, “ह्यांनी वाचलंय ना.” एका घरात याचा परिणाम असा झाला की दुसरा धंदाही बुडाल्यावर चेकचा खटला तिच्यावर दाखल झाला, आणि जिने कधी गाळा आतून पाहिला नव्हता ती ठाण्याच्या कोर्टात तारखांना उभी राहू लागली. दुसऱ्या एका घरात नेमके उलटे घडले. ती बाई गाळ्यांतल्या कारीगरांना डबे पुरवीत असे. पेढी तिच्या नावाची झाल्यावर तिने पहिल्याच महिन्यात चेकबुक आपल्या कपाटात ठेवले, किल्ली मंगळसूत्राला अडकवली आणि नवऱ्याला सांगितले की बिल दाखवल्याशिवाय सही होणार नाही. नवरा माझ्याकडे तक्रार घेऊन आला. मी त्याला चहा पाजून परत पाठवला. तिने एकाच गिऱ्हाइकाला तिसऱ्या भागाहून अधिक माल द्यायचा नाही असा नियम घातला, तो कोणत्याही पुस्तकात वाचून नव्हे. डबे पुरवताना एक मोठा गाळा बंद पडल्यावर तिचे स्वतःचे पैसे बुडाले होते, त्यावरून.

नोकरी करण्याला आपल्याकडे उगाच कमीपणा मानतात. एका मालकाने गाळा गेल्यावर वसई पूर्वेला पर्यवेक्षकाची नोकरी धरली. तिथला मालक एकेकाळी याच्याच प्रेसवर काम करणारा कारीगर होता. पहिल्या दिवशी त्याने सवयीने “या शेठ” म्हटले, तेव्हा हा म्हणाला, “शेठ आता तुम्ही. मला नावाने हाक मारा.” ते त्याला शेवटपर्यंत जमले नाही, आणि दोघांत तडजोड होऊन तो याला “काका” म्हणू लागला. तीन-चार वर्षे याने महिन्याच्या महिन्याला पगारातून जुनी देणी फेडली. प्रत्येक रक्कम मी जुन्याच खतावणीत लिहीत होतो, नवी वही घालू दिली नाही त्याने. शेवटले खाते पुरे झाले त्या दिवाळीत पाडव्याला तो माझ्याकडे नव्या नोंदणीसाठी आला. पेढीचे नाव काय लिहू म्हणून विचारले, तर त्याने जुनेच सांगितले, ज्या नावाच्या पाटीखाली कधीकाळी नोटीस चिकटली होती. मी म्हणालो, पंचांग पाहून एखादे नवे घ्या. तो म्हणाला, “नवं नाव घेतलं तर मी पैसे फेडले हे कोणाला कळणार?”

नोंदणीचे प्रमाणपत्र आले तसा तो पत्र्याच्या बाजारात गेला. वृद्ध शेठ आता नाहीत. गादीवर त्यांचा मुलगा बसतो. त्याने नाव वाचले, आतून वडिलांच्या वेळची वही मागवली, पाहिली, आणि पंधरा दिवसांची उधारी मंजूर केली. पहिल्या खेपेचे अर्धे पैसे मात्र रोख घेतले.